सुमन, तुझा गुरुवार

सुमन,

तुझी तेरवी काल झाली. मला येता आलं नाही. तुझ्या गल्लीत ऑटो वळत नाही आणि दारापुढच्या नालीवरून माझी चाकाची खुर्ची जात नाही, हे तुला सांगायला नको. सर जाऊन आले. चाळीस वर्षं सगळं आर्णी गाव माझ्या नवऱ्याला सर म्हणतं म्हणून मीही म्हणते, आणि त्यावरून तू मला पुष्कळ छळलं आहेस. पंगतीला तुम्ही सगळ्या जणी ज्या आजाऱ्यांना सांभाळता त्या सगळ्या घरची माणसं होती, असं म्हणाले. वाढायला तुझ्या सहाही मैत्रिणी होत्या. एवढं सांगून मग म्हणाले, "वांग्याची भाजी चांगली झाली होती." आमच्या घरात रडणं असंच बाहेर पडतं. तुला ते ठाऊक होतं. अशा वेळी तू त्यांच्यापुढे चहा ठेवायचीस आणि दुसऱ्या खोलीत निघून जायचीस.

लोक मला येऊन सांगतात, "सुमन फार मायाळू होती हो." मी मान हलवते. मायाळू होतीसच, पण तुझ्याबद्दल सांगायचं पहिलं वाक्य ते नाही. तू अवघड बाई होतीस. हट्टी, तोंडाळ, आणि आपल्या कामात कोणाचं म्हणून ऐकायची नाहीस. मी पस्तीस वर्षं मुलींच्या शाळेत मराठी शिकवलं. माझा आवाज चढला की शेजारचा वर्गही चिडीचूप व्हायचा. तू एकटी अशी निघालीस की मी ओरडले तर म्हणायचीस, "ओरडा, ओरडा. छाती मोकळी होते."

तू आलीस तो दिवस मला कालच्यासारखा आठवतो. लकव्यानं माझी उजवी बाजू गेली होती, जीभ जड झाली होती. यवतमाळच्या दवाखान्यात तीन आठवडे काढून घरी आले होते. तिथं जो येईल तो मला कुशीवर करायचा, पुसायचा, उचलायचा, जिनिंगमध्ये कापसाची गाठ हलवतात तसं. त्यांना दोष देत नाही, एकेकीला किती माणसं बघायची असतात. तू दारात उभी राहिलीस तेव्हा सरांनी विचारलं, कुठं काही कोर्स वगैरे केला आहेस का. तू म्हणालीस, "सासूचं नऊ वर्सं केलं. तोच माहा कोर्स." मग माझ्या पलंगाशी आलीस. काय झालं, कसं झालं, काही विचारलं नाहीस. म्हणालीस, "बाई, टाचा पाहू द्या."

माझ्या उजव्या टाचेखाली लाल चट्टा पडला होता. आणखी आठवडाभरात तिथं जखम झाली असती. तो ना दवाखान्यात कोणी पाहिला होता, ना घरी. सतत पडून असलेल्या माणसाची जखम कुठून सुरू होते, हे तू तुझ्या सासूच्या अंगावर शिकली होतीस. तू फडक्याची घडी केलीस, हात पुढे केलास आणि थांबलीस. "लावू का हात?"

हा प्रश्न तू सात वर्षं विचारलास. अंघोळीआधी, कूस बदलण्याआधी, वेणी घालण्याआधी. पहिल्या महिन्यात मी वैतागले. एकदा कशीबशी म्हणाले, "रोज काय विचारतेस? नाही म्हटलं तर काय करशील?"

"थांबीन."

"किती वेळ?"

"तुमी हो म्हनेस्तोर."

मला तुझी परीक्षा घ्यायची खोडी सुचली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी खरंच नाही म्हणाले. तू स्टूल ओढलंस, सरांनी आणलेल्या तुरीच्या शेंगा मांडीवर घेतल्यास आणि सोलत बसलीस. ना राग, ना मनधरणी. सगळ्या शेंगा संपत आल्या तेव्हा मी हो म्हणाले. तू हात धुऊन आलीस आणि पुन्हा विचारलंस. त्या सकाळपासून माझं अंग मला परत माझं वाटायला लागलं. डॉक्टरांनी औषधं दिली, व्यायाम दिले. हे मात्र तू दिलंस, आणि मी त्याबद्दल तुला कधी काही बोलले नाही.

बटणांवरून आपण भांडलो ते आठवतं? ब्लाउजचे हूक मला एका हातानं लागत नव्हते म्हणून तू मला समोरून बटणं असलेले गाऊन शिवायला लावलेस. आणि मग एकही बटण लावून दिलं नाहीस. डाव्या हातानं चार बटणं लावायला मला अर्धा तास लागायचा. मी रडायची. तू समोर बसून कपड्यांच्या घड्या करायचीस. "माहे दोनी हात धड हायेत बाई, त्याईले कायले बटनं लावू द्याची? काम तुमच्या हाताले पाह्यजे." मी तुला दुष्ट म्हणाले होते. आज हा मजकूर त्याच डाव्या हातानं लिहिते आहे. अक्षर पाहून पहिलीतली मुलगी हसेल, पण लिहिते आहे.

तुझ्या पट्ट्यासाठी तू माझी जुनी सुती साडी मागितलीस. नायलॉन नको, घसरतं, म्हणालीस. चौपदरी घडी घालून, दोऱ्यानं टाके मारून, हातभर रुंदीचा पट्टा केलास. तो माझ्या कमरेला बांधायचा आणि दोन्ही बाजूंनी धरून उचलायचं. काखेत हात घालून कोणी माणसाला उचललं की तुला राग यायचा. "खांदा उखडून हाती येईन एखाद्या दिवशी." तुझ्या प्रत्येक माणसाला त्याच्याच घरच्या कापडाचा पट्टा. जिनिंगवाल्यांच्या अप्पांना त्यांच्या बायकोच्या लुगड्याचा. ती जाऊन बारा वर्षं झाली होती. अप्पांचं अंग थरथरतं, बोलणं जवळजवळ बंद झालं आहे, पण तो पट्टा बांधला की ते शांत उभे राहतात, असं तूच सांगितलं होतंस.

कामात इतकी बुडालेली होतीस की एकदा फजिती झाली, आणि ती आठवली की मी अजूनही एकटी हसते. तुझ्या माधुरीचं लग्न, पुसदला. सर आले होते, त्यांनी डोळ्यांनी पाहिलं. जेवणं आटोपली होती आणि नवरदेवाचे मामा खुर्चीत बसल्या बसल्या पेंगले होते, मान एका बाजूला, तोंड उघडं. तू नवरीची आई, अंगावर नवी साडी, हातात बुंदीचं ताट. जाता जाता थबकलीस. ताट खाली ठेवलंस, मामांच्या मागं जाऊन त्यांना कमरेपासून धरून सरळ केलंस, मानेखाली त्यांचाच दुपट्टा गुंडाळून ठेवलास आणि पदरानं हनुवटी पुसलीस. मामा गावचे पोलीस पाटील. जागे झाले ते एकदम ताठ. "विहीनबाई, हे काय करून राह्यल्या?" तू म्हणालीस, "मान पडली होती तुमची." मांडवभर हशा. माधुरी तुझ्याशी दोन दिवस बोलली नाही. मी तुला चिडवलं, की जन्मात एका माणसाला न विचारता हात लावलास तो नेमका वराकडचा. तू लाजलीस. मी तुला लाजताना तेवढं एकदाच पाहिलं.

माझं बोलणं गावात फक्त तुला पूर्ण कळायचं. सरांना निम्मं कळतं, उरलेलं ते अंदाजानं भरतात. त्यामुळे आलेल्या गेलेल्याला माझं म्हणणं तू सांगायचीस, आणि मला हव्या त्या शब्दांत कधीच सांगायची नाहीस. सरांचे एक चुलत भाऊ तीन तास बसले होते. मी म्हणाले, "आता यांना जायला सांग, माझी पाठ दुखते." तू त्यांना म्हणालीस, "बाई म्हनते, दादा आले त किती बरं वाटलं, आता घरी वयनी वाट पाहत असंन." माणूस खुशीत गेला. मी दात-ओठ खाल्ले. पण त्यानंतर ते दर महिन्याला येतात आणि तासाभरात उठतात.

मग या उन्हाळ्यात तू एकाएकी माझं बोलणं समजेनाशी झालीस. "काय म्हनलं? पुन्हा म्हना." मी पुन्हा म्हणायची. "नाई समजलं बाई. हळू म्हना." चार चार वेळा. भाजीवाल्यासमोर, शेजारणीसमोर. मला वाटलं माझी जीभ आणखी बिघडली. मी घाबरले, सरांना डॉक्टरांना फोन करायला लावला. आणि एक दिवस तू पाठमोरी होतीस, मिक्सर चालू होता, आणि मी पुटपुटले, "मिठाचा डबा भरायला झालाय." तू न वळता म्हणालीस, "सांगतो सराईले." पकडली गेलीस. मी विचारलं, मग हे नाटक कशासाठी? तू मिक्सर बंद केलास. "म्या काय जन्माले पुरनार हाये का तुमचं सांगाले? लोकाईले तुमचंच समजू द्या." मी दोन दिवस तुझ्याशी बोलले नाही. तुला काही फरक पडला नाही.

आता मुख्य भांडणाकडे येते. इतका वेळ टाळत होते, हे तुझ्या लक्षात आलं असेल.

शाळेच्या गोष्टी सांगताना मी तुला एकदा बदली तासाबद्दल सांगितलं होतं. एखाद्या बाई रजेवर असल्या की मोकळा तास असलेली दुसरी बाई त्यांच्या वर्गावर जाते, आणि त्याचं वेळापत्रक मी स्वतः लावायची. तू ऐकून घेतलंस. महिन्याभरानं कॅलेंडरचं जुनं पान घेऊन आलीस, मागच्या कोऱ्या बाजूवर रेघा मारून. सहा घरं, सहा बायका. कोणाकडे अर्धांग झालेली माणसं, कोणाकडे अप्पांसारखी थरथरणारी, एका घरी जन्मापासून न चालणारी पोर. या सहा जणींना वर्षानुवर्षं एकही सुट्टी नाही. कारण सुट्टी घेतली तर त्या माणसाला उठवायचं कोणी, भरवायचं कोणी? तू सातवी बाई शोधली होतीस, शबाना. मेकॅनिकची मुलगी. सोमवार ते शनिवार रोज एकीची सुट्टी, त्या दिवशी शबाना तिच्या कामाच्या घरी. रविवारी शबानाची सुट्टी, त्या दिवशी सहाही जणी आपापल्या कामाच्या घरी. चौथी शिकलेली बाई, आणि माझ्या पस्तीस वर्षांच्या वेळापत्रकांपेक्षा ते पान स्वच्छ होतं. प्रत्येक घराला फक्त एवढंच मान्य करायचं होतं की आठवड्यातून एक दिवस दुसऱ्या बाईचा हात लागेल. माझ्या नावापुढे तू गुरुवार लिहिला होतास.

शबानाला तू आमच्याच घरी शिकवलंस. सरांवर. बिचारे सर, गुडघे दुखत असताना कमरेला पट्टा बांधून पलंगावर आडवे, आणि तू मास्तरीण होऊन सांगते आहेस, "आधी इचार. मंग धर. मंग तीन म्हन. मंग उचल." सर नंतर म्हणाले, आयुष्यात पहिल्यांदा इतक्या लोकांनी आपली परवानगी घेतली. मी हसले. पण शबानाला माझ्यावर हात बसवायची वेळ आली तेव्हा मी नाही म्हणाले. मला तूच हवीस, म्हणाले. मला वाटलं तुला बरं वाटेल.

तुला बरं वाटलं नाही. "ते मुसलमान हाये म्हनून काय?" तू सरळ विचारलंस. मी लगेच नाही म्हणाले. तू माझ्याकडे पाहत राहिलीस आणि मी खिडकीकडे पाहायला लागले. सुमन, ते माझं 'नाही' पूर्ण खरं होतं का, ते मला आजही सांगता येत नाही. भीती होती, नव्या हाताची भीती होती, हे नक्की. आणि त्या भीतीच्या आडोशाला आणखी काही उभं होतं की नाही, हे मी त्या दिवशी पाहिलं नाही.

मी उलट तुलाच विचारलं, "सुट्टी घेऊन करणार काय तू गुरुवारी?"

"काईच नाई करनार. तेच त करायचं हाये."

"काही कारण तरी असेल."

"तुमी शाळेत होत्या तवा रविवारी सुट्टी भेटे ना तुमाले? कारन सांगत होत्या का हेडमास्तरले?"

मी पुन्हा तेच म्हणाले: तुझ्याशिवाय मला कोणी नको. तेव्हा तू पलंगाच्या कडेला बसलीस, हलक्या आवाजात म्हणालीस, "बाई, याले तुमी प्रेम म्हनता. हे दावं हाये." आणि गळ्याशी हात नेऊन गुरांच्या दाव्याची गाठ दाखवलीस. मला राग आला. इतका राग आला, कारण ते खरं होतं.

इतर पाच घरं म्हणायची, बाई काय म्हणतात ते पाहू. बाई म्हणजे मी. अर्ध्या गावाच्या मुली माझ्या हाताखालून गेल्या, म्हणून त्या घरांत माझ्या शब्दाला पत होती. आणि मी शब्दच देत नव्हते. तू मागितलं होतंस ते एवढंच: सगळ्या घरच्यांची बैठक घेऊ, आणि तिथं तुम्ही बोला. आम्ही नाही, सरही नाही, तुम्ही, म्हणजे ज्यांना उचलावं लागतं ते. मी म्हणाले, "माझी जीभ वळत नाही, लोकांसमोर माझं हसं करू नकोस." मराठीची शिक्षिका मी, माझं मराठी लोकांना पुन्हा विचारून समजून घ्यावं लागावं, ही लाज मला सोसवत नव्हती. उन्हाळ्यात तू बहिरी झालीस ते या बैठकीसाठी, हे मला आत्ता कळतं आहे. तेव्हा कळलं नाही.

आपला शेवटचा दिवस गुरुवारच होता. तू सांगून टाकलंस की पुढच्या नाही, त्याच्या पुढच्या रविवारी चार वाजता बैठक, तुमच्याच घरी, सगळ्यांना निरोप गेले आहेत. मला न विचारता. सात वर्षं हात लावायला विचारणारी बाई, आणि घर मात्र परस्पर ठरवून मोकळी. मी म्हणाले, "माझ्या घरी नाही." तू म्हणालीस, "उद्या बोलू." मी तोंड भिंतीकडे केलं. एरवी तू जाताना "येतो बाई" म्हणायचीस आणि मी बोट हलवायची. त्या संध्याकाळी तू म्हणालीस आणि मी बोट हलवलं नाही. तू दारात थोडी थांबलीस, चपला घालायला जेवढा वेळ लागतो त्यापेक्षा जास्त. मग गेलीस.

शुक्रवारी आठ वाजले, सव्वाआठ झाले. तुला उशीर झाला की मला तुझी चाहूल मोजायची सवय होती, फाटकाची कडी, मग अंगणातला नळ. काही आलं नाही. साडेआठला सरांचा फोन वाजला. ते बाहेर गेले आणि आत येताना त्यांनी भिंत धरली होती. सकाळी वेणी घालता घालता तू बसलीस आणि आडवी झालीस, एवढंच माधुरी सांगू शकली.

पुढचे तीन दिवस मला शेजारच्या, नात्यातल्या बायकांनी सांभाळलं. चांगल्या बायका आहेत. काखेत हात घालून उचलत होत्या. कोणी काही विचारत नव्हतं. चौथ्या दिवशी सकाळी शबाना दारात उभी राहिली. डोळे सुजलेले. माझ्या पलंगाशी आली, हात पुढे केला आणि थांबली. "बाई, लावू का हात?" माझ्याच्यानं हो म्हणवेना, कारण रडू आवरेना. ती स्टुलावर बसून राहिली. तू तिला थांबणंही शिकवलं होतंस.

तिनंच विचारलं, बैठक रद्द करायची का. बाकीच्या जणी म्हणत होत्या, सुमनताई गेली, आता कोण ऐकणार आपलं. मी म्हणाले, होऊ दे. तिला पहिल्यांदा कळलं नाही. मी पुन्हा म्हणाले.

गेल्या रविवारी आमच्या घरी खुर्च्या कमी पडल्या. सहाही घरची माणसं आली. अप्पांना त्यांच्या मुलानं, भाऊसाहेबांनी, गाडीत घालून आणलं होतं. चार शब्द तुझ्याबद्दल झाले, मग भाऊसाहेब म्हणाले, "सुमनबाई भली बाई होती. पन आता हे सुट्टीचं राहू द्या. बाया सुट्टीवर गेल्या त बाबाले कोन पाहीन? नवी बाई येईन, बाबा बिचकतीन." सगळ्यांनी माना हलवल्या. मग सगळे माझ्याकडे पाहायला लागले. शबाना कोपऱ्यात उभी होती.

मी बोलले. चारच शब्द. कोणीतरी विचारलं, "काय म्हनल्या बाई?" आणि सगळे सरांकडे वळले. सरांनी तोंड उघडलं. मी डाव्या हातानं त्यांचा दंड धरला आणि नाही म्हणून मान हलवली. तू असतीस तर तू या चार शब्दांचे चाळीस केले असतेस आणि सगळे खूश झाले असते. मी पुन्हा बोलले. तोंडातून लाळ आली, शबानानं पुढे होऊन विचारलं आणि पुसली. कोणी हसलं नाही. लोक हसतील, असं मीच इतकी वर्षं धरून बसले होते. तिसऱ्यांदा मी एकेक शब्द सुटा म्हणाले, फळ्यावर लिहावा तसा. "माझ्या. घरी. गुरुवारी. सुट्टी."

आणि तेव्हा अप्पा बोलले. गेले कित्येक महिने त्यांचा आवाज मुलानंही ऐकला नव्हता. हात थरथरत होते, हनुवटी थरथरत होती. "माह्या... घरी..." ते थांबले. भाऊसाहेब त्यांच्या तोंडाशी वाकले, म्हणाले, "बाबा, पानी पाह्यजे का?" अप्पांनी त्यांना कोपरानं बाजूला केलं. "सोम...वार."

भाऊसाहेब खाली बसले. बाकीचे चार वार ठरायला फार वेळ लागला नाही. ती न चालणारी पोर आहे ना, तिनं शनिवार मागितला, कारण शनिवारी बाबा घरी असतात. आपला वार आपण मागायचा, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. सुमन, तू हे पाहायला हवं होतंस. मी दुसरं काही म्हणू शकत नाही.

आता शबाना माझ्याकडे कायम येते. सातवीच्या जागी वनिता आली आहे, गेल्या महिन्यापर्यंत सोयाबीन निंदत होती, हात दणकट आहेत पण अजून घाई करते. शबानानं आणि बाकीच्यांनी तिला तीन दिवस शिकवलं, पुन्हा आमच्या सरांवरच. तुझं ते कॅलेंडरचं पान माधुरीनं आणून दिलं. त्यावर माझ्या घरापुढे तुझं नाव होतं. तिथं शबानाचं नाव लिहायचं काम मला दिलं. मी तुझं नाव खोडलं नाही, शेजारी लिहिलं.

आज गुरुवार आहे. पहिला. शबाना आली नाही आणि ती कुठं आहे, काय करते आहे, हे मला माहीत नाही. वनिता आली. तिनं विचारून हात लावला, पण तीन म्हणायच्या आधीच उचललं, आणि पलंगावरून खुर्चीत जाताना मी मधेच निसटून फरशीवर बसले. फार लागलं नाही, गुडघ्याचं सालटं निघालं. वनिता पांढरीफटक झाली. सर धावत आले. मला उठवायला दोघांना बराच वेळ लागला, आणि त्या वेळात मला तुझी फार आठवण आली. खुर्चीत बसल्यावर सरांनी फोन हातात घेतला. "शबानाला बोलावू का? जवळच तर राहते. पाच मिनिटांत येईल."

"नको," मी म्हणाले. "तिची सुट्टी आहे."

हे वाक्य मी तुझ्यासाठी सात वर्षांत एकदाही बोलले नाही, सुमन.